व्हीजी-३० की व्हीजी-४०? डांबराची प्रत नेमकी कोठे हरवते?

गोदाकाठ (परभणी)

आपल्याकडे नवा रस्ता वर्षाच्या आत उखडला की लोकांचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘गुत्तेदाराने डांबर हलके वापरले.’ परभणी, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांतील हॉटमिक्स प्लांटवरच्या (खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्यांच्या) प्रयोगशाळांमध्ये मी बावीस वर्षे काम केले. एवढ्या काळात टँकरमधून आलेले डांबर तपासणीत नापास झाल्याचे प्रसंग मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. चांगले डांबर प्लांटवर येऊन पोहोचल्यानंतर ते आमच्याच हातून बिघडल्याचे प्रसंग मात्र कितीतरी अधिक आहेत. डांबराची प्रत (व्हीजी-३०, व्हीजी-४० ही प्रतींचीच नावे) ठरते कशी आणि हरवते कोठे, हे त्यासाठीच सविस्तर लिहावेसे वाटले.

प्रथम नावाविषयी. डांबर म्हणजे मूळचे दगडी कोळशापासून निघणारे टार होय. आज रस्त्यावर वापरले जाते ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा जड भाग. निविदेत बिटुमेन लिहिलेले असते आणि साईटवर सगळे डांबरच म्हणतात; मीही तोच शब्द वापरतो.

जुन्या मुकादमांच्या तोंडी अजूनही ‘साठ-सत्तर’ आणि ‘ऐंशी-शंभर’ हेच शब्द आहेत. ते पेनिट्रेशनच्या, म्हणजे सुईच्या चाचणीतून आलेले आहेत. धातूच्या लहान डबीत डांबर ओतून ते थंड होऊ द्यायचे, डबी २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची आणि मग एकूण १०० ग्रॅम वजनाची सुई त्यावर ५ सेकंद मोकळी सोडायची. सुई जितकी आत जाईल तितके मिलिमीटरचे दशांश मोजायचे. ६५ हा आकडा आला तर सुई साडेसहा मिलिमीटर आत गेली असे समजायचे. या चाचणीतील सर्वांत नाजूक क्षण सुई सोडण्याच्या आधीचा असतो. सुईचे टोक डांबराला नुसते टेकलेले हवे, रुतलेले नको, आणि ते नुसत्या नजरेने चटकन कळत नाही. पण थंड झालेल्या डांबराचा पृष्ठभाग काळ्या आरशासारखा असतो व त्यात सुईचे प्रतिबिंब दिसते. दिवा बाजूला धरून सुई हळूहळू खाली आणायची आणि तिचे टोक प्रतिबिंबाच्या टोकाला भिडले की तेथेच थांबायचे. मला ही चाचणी शिकवणाऱ्या वृद्ध सहायकांनी पहिला महिनाभर माझ्याकडून फक्त हे भिडवणेच करून घेतले होते.

चाचणी सुंदर आहे, परंतु ती २५ अंशांवर होते आणि आपला रस्ता मे महिन्यात २५ अंशांवर नसतो. हवेचा पारा ४२-४३ वर गेला की काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास पोहोचतो. दोन वेगळ्या कच्च्या तेलांपासून किंवा दोन वेगळ्या पद्धतींनी तयार झालेल्या डांबरांत सुई २५ अंशांवर सारखीच जाऊ शकते, आणि तीच दोन डांबरे ६० अंशांवर अगदी वेगळी वागू शकतात : एक घट्ट राहते, दुसरे पातळ होऊन चाकाखाली सरकते. याच कारणाने भारतीय मानक ब्युरोने २००६ मध्ये आयएस ७३ या मानकाच्या सुधारित आवृत्तीत सुईवर आधारलेले वर्गीकरण बाजूला ठेवले आणि ६० अंशांवरील घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, हा प्रतीचा आधार मानला. व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) ही अक्षरे तेथून आली. २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा आहेत : व्हीजी-१० साठी ८०० ते १२०० पॉइज (पॉइज हे व्हिस्कॉसिटी मोजण्याचे एकक), व्हीजी-२० साठी १६०० ते २४००, व्हीजी-३० साठी २४०० ते ३६०० आणि व्हीजी-४० साठी ३२०० ते ४८००. सुईची चाचणी आजही होते, पण ती आता जोडीला आहे. व्हीजी-३० मध्ये सुई किमान ४५ आणि व्हीजी-४० मध्ये किमान ३५ जायला हवी. जुने साठ-सत्तर म्हणजे ढोबळमानाने आजचे व्हीजी-३० आणि ऐंशी-शंभर म्हणजे व्हीजी-१०, असे समजण्यास हरकत नाही.

कोणत्या भागात कोणती प्रत वापरावी याचा निर्देशही याच मानकात आहे. सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३० अंशांखाली असेल तर व्हीजी-१०, ३० ते ३८ असेल तर व्हीजी-२०, ३८ ते ४५ असेल तर व्हीजी-३० आणि ४५ च्या वर व्हीजी-४०. या हिशेबाने मराठवाडा सरळसरळ व्हीजी-३० मध्ये बसतो. मात्र हा कोष्टकातील हिशेब फक्त हवेचा आहे. वाहतुकीचा हिशेब त्यावर वेगळा चढवावा लागतो.

आता मूळ मुद्दा. व्हीजी-३० डांबर १५० ते १६५ अंशांवर तापवावे, खडीही साधारण तेवढीच तापवावी आणि तयार माल, म्हणजे खडी-डांबराचे मिश्रण, त्याच मर्यादेत बाहेर पडावा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत स्पष्ट लिहिलेले आहे. सगळ्यांचे लक्ष बॉयलरच्या काट्यावर असते, पण मालाचे तापमान ठरवते ती खडी, कारण मालाच्या वजनात सुमारे ९५ टक्के खडी असते आणि डांबर जेमतेम पाच टक्के. बंद टाकीत डांबराचा मोठा साठा असतो, त्याला हवा कमी भिडते आणि ते सावकाश म्हातारे, म्हणजे कडक, होते. तेच डांबर ड्रममध्ये खडीवर केसाहूनही पातळ थराने पसरते तेव्हा त्याच्या कणाकणाला गरम हवा भिडते, आणि त्या वेळी खडी १९० अंशांवर असेल तर काही क्षणांत त्याचा कस जातो. टँकरमध्ये व्हीजी-३० होते, चिठ्ठीवर व्हीजी-३० होते, आणि रस्त्यावर पडले ते ठिसूळ, जळके काहीतरी पडले.

एक दिवस मला स्पष्ट आठवतो. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि खडीचे ढीग ओले होते. ओली खडी वाळावी म्हणून चालकाने बर्नर वाढवला, आणि ढिगाच्या आतील कोरडी खडी येऊ लागल्यावर तो कमी करायचे राहून गेले. डंपर भरताना वर निळसर धूर उठला. नेहमी ओलसर, चकचकीत काळा दिसणारा माल त्या दिवशी मंद तपकिरी दिसत होता. थर्मामीटर खुपसला तर तो १९० च्या पुढे गेला. मी तो डंपर परत पाठवायला सांगितले, पण त्याच्या आधी दोन डंपर निघून गेलेले होते. त्या दोन डंपरांचा तुकडा दुसऱ्या पावसाळ्याआधी सुटू लागला. बोटाने ओढली तरी खडी हातात येत होती.

यातील खरी अडचण कागदाची आहे. प्लांटवरच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज यंत्र असते. त्यात माल धुऊन किती टक्के डांबर होते ते कळते, मात्र ते डांबर किती कडक झाले होते हे कळत नाही. त्यासाठी मालातून डांबर वेगळे काढून त्याची पुन्हा चाचणी करावी लागते आणि ती सोय साईटवर नसते. प्रत बरोबर, टक्केवारी बरोबर, कागद स्वच्छ, आणि तरीही रस्ता वाया गेलेला, असे होऊ शकते ते यामुळे. जळक्या मालाचा साईटवर मिळणारा एकमेव पुरावा म्हणजे त्या त्या डंपरचे नोंदवलेले तापमान.

काळीआई (माजलगाव)

काका, आपण लिहिले ते मनापासून वाचले. मी शेतकरी आहे, अभियंता नाही, परंतु आमच्या गावावरून साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि त्या रात्रंदिवस चालतात. कारखान्याच्या फाट्याजवळ चाकांच्या ओळीत एवढी खोल चाकोरी पडली आहे की दुचाकी तिच्यात अडकली तर बाहेर काढता येत नाही, आणि चाकोरीच्या दोन्ही बाजूंना डांबर वर फुगून आले आहे. दुसरीकडे, गावाजवळच्या भागात रस्त्याच्या कडेने लांबच लांब भेग पडली असून उन्हाळ्यात तिच्यात हाताचा पंजा जातो. हे दोन्ही दोष डांबराचेच आहेत का? असतील, तर शासनाने सगळीकडे व्हीजी-४० च का सक्तीचे करू नये?

गोदाकाठ (परभणी)

भाऊ, रस्ता कसा मोडला हे आपण इतके नेमके सांगितले की अर्धे निदान त्यातच झाले. आपले दोन्ही दोष पूर्ण वेगळे आहेत आणि त्यांपैकी एकाचाच डांबराशी संबंध आहे.

फाट्याजवळची चाकोरी घ्या. बाजूला डांबर फुगून आले आहे, म्हणजे वरचा थर स्वतःच सरकला आहे. नुसता खालचा मुरूम दबला असता तर चाकोरी रुंद आणि उथळ झाली असती व कडेला असा उंचवटा आला नसता. डांबराचा स्वभाव असा आहे की भार झटकन येऊन गेला तर ते घट्ट वागते आणि भार रेंगाळला तर ते वाहते. ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक रस्त्याच्या एका ठिपक्यावर जितका वेळ असतो, त्याच्या कितीतरी पट वेळ उसाची ट्रॉली असते. फाट्यावर तर ती थांबते, वळते आणि पुन्हा जोर लावून निघते. हंगाम मार्चपर्यंत लांबला की उन्हाची भर पडते. अशा ठिकाणी, म्हणजे कारखान्याचा फाटा, वजनकाट्यासमोरचा भाग, टोलनाका, घाटाची चढण या ठिकाणी, हवेचे कोष्टक काहीही म्हणो, व्हीजी-४० किंवा पॉलिमर मिसळलेले डांबर मागणे योग्यच आहे. मात्र मालात डांबराचे प्रमाण जास्त झाले असेल किंवा खडीची चाळणी बिघडून बारीक कच अधिक पडली असेल, तर व्हीजी-४० मध्येही चाकोरी पडते, हे लक्षात असू द्यावे.

कडेची लांब भेग ही काळ्या मातीची आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. रस्त्याच्या मध्याखालची माती झाकलेली असल्याने तिच्यातील ओल फारशी बदलत नाही, पण साईडपट्टीखालची माती उघड्या रानासारखी सुकते. मध्य जागेवर राहतो, कड ओढली जाते आणि त्या दोहोंमध्ये रस्ता फाटतो. शेतात ज्या महिन्यात भेगा पडतात त्याच महिन्यात ही भेग रुंद होते, हे आपण पाहिलेच असेल. जगातील कोणत्याही प्रतीचे डांबर ही ओढ सहन करू शकत नाही. त्याचा इलाज खाली आहे : न फुगणाऱ्या मातीचा किंवा मुरमाचा पुरेसा जाड थर, गरज असेल तेथे चुन्याने मातीचे स्थिरीकरण, रुंद व दाबलेली साईडपट्टी आणि पाणी वाहून नेणारी गटारे. चार-पाच सेंटिमीटरच्या वरच्या थरावर राग काढून उपयोग नाही.

आता ‘सगळीकडे व्हीजी-४०’ याविषयी. ही सूचना मी अनेक ग्रामसभांमध्ये ऐकली आहे आणि तिच्यामागील तळमळ मला कळते, परंतु ती मानली तर गावाकडचे रस्ते अधिक लवकर जातील असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीजी-४० चा माल १६० ते १७० अंशांवर बनवावा लागतो, पसरताना किमान १५० हवा आणि रोलिंग १०० च्या खाली येण्याआधी पुरे व्हायला हवे. व्हीजी-३० साठी हेच आकडे पसरताना १४० आणि रोलिंगला ९० आहेत. गावाचा रस्ता प्लांटपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असतो, थर पातळ असतो आणि काम डिसेंबर-जानेवारीत चालते. परभणीत थंडीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या बराच खाली जातो, आणि हवा १० अंशांपेक्षा थंड असताना डांबरी काम करूच नये असे विनिर्देश सांगतात. अशा सकाळी वीस-पंचवीस मिलिमीटरचा थर पेव्हरमागे (माल पसरणाऱ्या यंत्रामागे) बघता बघता थंड होतो. घट्ट डांबर, त्यात थंड माल. रोलर कितीही फिरवला तरी थर दबत नाही, आत पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी त्यांत शिरते.

अध्यापिका (नांदेड)

सरांच्या लेखनात दोन गोष्टींची भर घालते. व्हीजी-३० आणि व्हीजी-४० यांच्या मर्यादा ३२०० ते ३६०० पॉइज या पट्ट्यात एकमेकींवर चढलेल्या आहेत. म्हणजे ३४०० पॉइजचा नमुना व्हिस्कॉसिटीच्या निकषावर दोन्ही प्रतींत बसतो, आणि तो नेमका कोणता हे सुई, मृदुता बिंदू (डांबर मऊ पडते ते तापमान) आणि १३५ अंशांवरील व्हिस्कॉसिटी यांवरून पाहावे लागते. विद्यार्थी हा प्रश्न दरवर्षी विचारतात, आणि एकाच चाचणीच्या अहवालावरून ‘बनावट माल’ असा आरोप करणाऱ्यांनीही तो लक्षात घ्यायला हवा.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. आयएस ७३ मध्येच डांबराचा पातळ थर १६३ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा व्हिस्कॉसिटी मोजतात, आणि ती मूळच्या चार पटींपेक्षा अधिक वाढता कामा नये अशी अट आहे. प्लांटमध्ये डांबर जे सोसते त्याची ती प्रयोगशाळेतील प्रतिकृती आहे. म्हणजे १६३ अंशांच्या आसपासचा त्रास मानकाने गृहीत धरलेला आहे. १९० अंशांचा नाही. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो असे धरले, तर सरांनी सांगितलेल्या त्या दोन डंपरांचे काय झाले असेल याचा अंदाज येतो.

पॉलिमर डांबराचा उल्लेख आला म्हणून सांगते की २०१९ च्या आयएस १५४६२ मध्ये त्याच्या प्रती पीएमबी ६४-१०, ७०-१०, ७६-१० अशा लिहिल्या जातात. यातील पहिला आकडा रस्त्याच्या कमाल तापमानाचा आहे, आणि दुसरा किमान तापमानाचा, म्हणजे उणे १० अंश. येथे हवेऐवजी प्रत्यक्ष रस्त्याचे तापमान धरलेले आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या प्रदेशाला हीच दिशा अधिक योग्य आहे.

आपल्याकडे एक अनुकूल बाब मात्र आहे. मराठवाड्यातील खडी बेसाल्टची, म्हणजे आम्लधर्मी नसलेल्या दगडाची असते. ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या खडीपेक्षा तिला डांबर चांगले धरते आणि पाण्याने सहसा सुटत नाही, अर्थात खडी धूळरहित असेल तर. क्रशरवरून आलेल्या खडीवर मातकट भुकटीचा थर असेल तर डांबर दगडाला न चिकटता भुकटीला चिकटते.

साईटवरचा (लातूर)

सर, मी तीन वर्षांपासून एका कामावर कनिष्ठ अभियंता आहे. आपले आकडे मला पाठ आहेत, पण माझी अडचण वेगळी आहे. डंपर वाटेत अडकतो, दोन तास उशिरा येतो, माल १२० वर आलेला असतो. मी नको म्हणतो, तेव्हा ‘वरचा थर गार दिसतो, आतून गरम आहे’ असे उत्तर मिळते, आणि वरिष्ठांना फोन जातो. तापमान मोजायचे नक्की कोठे, आणि माझ्या नोंदीला वजन यावे यासाठी मी काय करावे?

गोदाकाठ (परभणी)

ताईंनी धुळीचा मुद्दा आणला हे फार चांगले झाले. आमच्याकडे कितीतरी वेळा दोष डांबराच्या माथी गेला आणि खरा दोषी न धुतलेला कच होता.

दादा, आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘वरून गार, आतून गरम’ हे वाक्य अर्धे खरे असते, म्हणूनच त्याच्यापुढे माणूस गप्प बसतो. बंदुकीसारखे इन्फ्रारेड यंत्र फक्त पृष्ठभाग मोजते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर वाद होणारच. लांब दांड्याचा धातूचा थर्मामीटर वापरावा. डंपरवर चढून ताडपत्री बाजूला करावी आणि मागच्या फळीपासून थोडे आत, ढिगात किमान वीतभर खोल तो खुपसावा. काटा स्थिर होईपर्यंत थांबावे आणि असे तीन ठिकाणी करावे. तिन्ही आकडे १४० च्या खाली असतील तर आतून गरम असल्याचा दावा तेथेच संपतो. दोन आकडे १४५ चे आणि एक १२० चा आला तर कडेचा गार झालेला माल पेव्हरमध्ये जाऊ न देता बाजूला टाकायला लावावा. सगळा डंपर नाकारण्यापेक्षा हे लवकर मान्य होते, असा माझा अनुभव आहे.

ताडपत्री नसलेला डंपर प्लांटवरूनच सुटू देऊ नये, हे आपल्या हातात नसेल तर प्लांटवरच्या सहकाऱ्याशी बोलून ठरवून घ्यावे. डंपर निघाल्याची वेळ आणि निघतानाचे तापमान चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पावतीवर, लिहून मागावे. मग १६० वर निघालेला माल १२० वर का आला, हा प्रश्न आपल्याला विचारावा लागत नाही, चलनच तो विचारते.

नोंदीला वजन येते ते ती जागेशी बांधली की. नुसते ‘डंपर क्रमांक चार, १३२ अंश’ लिहिले तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही. मी रेघोटी मारलेल्या साध्या वहीत सहा रकाने करत असे : गाडी क्रमांक, प्लांटवरून निघण्याची वेळ, साईटवर पोहोचण्याची वेळ, तीन ठिकाणची तापमाने, माल कोणत्या साखळी क्रमांकापासून (रस्त्यावरचे किलोमीटर/मीटरमधील अंतर) कोणत्या साखळी क्रमांकापर्यंत पसरला, आणि रोलिंग संपल्याची वेळ. प्रत्येक पानावर दिवसाअखेरी गुत्तेदाराच्या पर्यवेक्षकाची सही घ्यावी. सही देण्यास नकार दिला तर तेच शब्द त्या ओळीत लिहावेत आणि पानाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी शाखा अभियंत्यांना पाठवावे. पुढच्या वर्षी साखळी १२/४०० ते १२/५५० एवढाच तुकडा उखडला, तर वहीतील ती ओळ काढून दाखवता येते, आणि मग चर्चा आपल्या वयाची किंवा पदाची राहत नाही.

टँकर आला की शुद्धीकरण कारखान्याचा मूळ गेटपास आणि चाचणी प्रमाणपत्रही त्याच वहीला जोडत चला. प्रमाणपत्रातील बॅच क्रमांक आणि टँकरचा क्रमांक जुळतो का, हे स्वतः पाहा. आणि थर्मामीटर दर महिन्याला उकळत्या पाण्यात तपासा. आपल्या उंचीवर पाणी १०० च्या एक-दोन अंश खालीच उकळते, तेवढे धरून चाला. माझा एक थर्मामीटर वर्षभर आठ अंश कमी दाखवत होता आणि ते कळेपर्यंत मी चांगला माल नाकारत राहिलो होतो.